संकेतस्थळावर आहे, पण कुणाच्या शब्दांत?

‘सगळं संकेतस्थळावर टाकलेलं आहे, शोधा म्हणजे सापडेल.’ सरकारी टेबलापलीकडून येणारं हे वाक्य आता गावच्या साझ्यापासून मंत्रालयापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. त्याला हल्ली संगणक क्षेत्रातल्या जाणत्या मंडळींचाही पाठिंबा मिळू लागला आहे. त्यांचं म्हणणं असं, की पानाला कीवर्ड म्हणजे शोधशब्द जोडत बसण्याचे दिवस गेले. शोधयंत्रं आता एवढी हुशार झाली आहेत की माणूस काहीही विचारो, ती अर्थ ओळखून त्याला नेमक्या पानावर नेतात. शोधशब्द भरणं म्हणजे जुन्या जमान्यातली कारकुनी, वाया जाणारी मेहनत. हे म्हणणं चुकीचं तर आहेच, पण त्याने लोकांचं नुकसान होतं, म्हणून त्याचा प्रतिवाद करणं मला गरजेचं वाटतं. त्यासाठी गोसीखुर्द धरणाइतकं योग्य उदाहरण दुसरं नाही. वेळेत कागद हाती न लागल्यामुळे ज्यांचा हक्क जाऊ शकतो अशी माणसं तिथे हजारोंनी आहेत.

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर हे धरण उभं आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. भिंत अकरा किलोमीटरांहून लांब, दरवाजे ३३, आणि भंडारा, नागपूर, चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून २ लाख ५० हजार ८०० हेक्टरांना पाणी देण्याचा संकल्प. २००९ मध्ये केंद्राने त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा दिला. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतल्या ८५ गावांना आपलं गावठाण सोडावं लागलं. या सगळ्या वर्षांत कागद किती निघाले असतील याची कल्पना करा. भूसंपादनाच्या अधिसूचना, निवाडे, पुनर्वसनाचे आदेश, २०१३ चं विशेष पॅकेज, सुधारित मान्यता, कालव्यांचे आणि उपसा सिंचन योजनांचे निर्णय. त्यातले बरेच आज खरोखर संकेतस्थळांवर आहेत. ‘टाकलेलं आहे’ हे खोटं नाही. ‘शोधा म्हणजे सापडेल’ हे खोटं आहे.

अडचण धरणाच्या नावापासूनच सुरू होते. सरकारी कागदांत बहुधा ‘गोसीखुर्द’ असतं, वर्तमानपत्रांत ‘गोसेखुर्द’ वाचायला मिळतं. कुणी ‘गोसी खुर्द’ अशी दोन शब्दांत फोड करतं, बोलताना लोक नुसतं ‘गोसे धरण’ म्हणतात. इंग्रजी अक्षरांत टंकणाऱ्यांत कुणी ‘आय’ घालतं, कुणी ‘ई’. आणि प्रकल्पाचं अधिकृत नाव आहे इंदिरा सागर. याच नावाचं नर्मदेवरचं प्रचंड धरण मध्य प्रदेशात खंडवा जिल्ह्यात पुनासाजवळ आहे, त्याच्या विस्थापितांवर देशभर लिहिलं गेलं आहे. गोदावरीवरच्या पोलावरमलाही एके काळी हेच नाव होतं. ‘इंदिरा सागर विस्थापित’ असं शोधणारा पवनीचा माणूस नर्मदेच्या काठावर जाऊन पोचतो. पानाच्या शीर्षकात यातलं एकच नाव असेल आणि शोधणाऱ्याने दुसरंच लिहिलं असेल, तर दोघांची गाठ पडायची कशी?

गावांच्या नावांचं तर विचारूच नका. बुडीत क्षेत्रातलं पाथरी घ्या. महाराष्ट्रात पाथरी म्हटलं की आधी समोर येतं ते परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आणि साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादाने तर ते घराघरात पोचलं. पवनी तालुक्यातल्या पाथरीच्या पुनर्वसनाचा कागद या गर्दीत वर यायचा असेल तर त्याच्या सोबत पवनी, भंडारा, वैनगंगा, गोसीखुर्द, गोसेखुर्द, बुडीत, पुनर्वसन हे शब्द कुठेतरी ठामपणे नोंदलेले हवेत. त्यातच खुर्द आणि बुद्रुक कुठे पूर्ण लिहिलेलं असतं, कुठे ‘खु.’ आणि ‘बु.’, आपल्याकडे पुष्कळदा ‘बुज.’. माणूस एक लिहितो, कागदावर दुसरं असतं.

त्याहून खोल दरी आहे ती कार्यालयाच्या आणि लोकांच्या बोलण्यातली. माणूस विचारतो, ‘वावर धरणात गेलं, त्याचे पैसे किती?’ कागद म्हणतो, ‘बुडीत क्षेत्रातील संपादित जमिनीच्या मोबदल्याबाबत’. माणूस विचारतो, ‘घराला जागा कुठे देणार?’ कागद म्हणतो, ‘पर्यायी गावठाणातील भूखंड वाटपाबाबत’. धरणाचं पाणी संपादनाच्या रेषेबाहेरच्या शेतात चढलं, तर लोक म्हणतात पाणी वावरात शिरलं, कार्यालय म्हणतं फुगवटा. धरणावर किती पैसा गेला हे ज्याला पाहायचं आहे तो ‘गोसेखुर्द खर्च’ असं शोधतो. ३७२ कोटींवर मंजूर झालेला प्रकल्प २०१६ च्या सुधारित मान्यतेत १८ हजार ४९४ कोटींवर गेला, हा आकडा पाहण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. पण तो ज्या निर्णयात आहे त्याच्या शीर्षकात ‘खर्च’ हा शब्द शोधून सापडायचा नाही. तिथे ‘सुधारित प्रशासकीय मान्यता’ असते.

भंडाऱ्यात तर ही दरी आणखी रुंद होते, कारण हा मुलूख १९५६ पर्यंत मध्य प्रांतात आणि नंतरच्या मध्य प्रदेशात होता. जुन्या दप्तरांत खसरा, मौजा, मिसल, निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज हे शब्द आहेत, आणि आजही लोकांच्या तोंडी पटवारी आणि हलका आहे. राज्याची बहुतेक पानं मात्र तलाठी, गट क्रमांक आणि भूमापन क्रमांक यांच्या भाषेत लिहिली जातात. शेतीची पानं उघडा. भंडाऱ्याचा शेतकरी धान लावतो, बांधीत चिखलणी करतो. सल्ल्याच्या पानावर ‘भात पीक’ आणि ‘भात खाचर’. इथल्या सिंचनाचा जुना आधार असलेल्या तलावांना सगळा पूर्व विदर्भ मामा तलाव म्हणतो, कागद त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतो. दोन्ही नावं बरोबर आहेत. पण पानावर एकच असतं, आणि बहुतेक वेळा ते विचारणाऱ्याचं नसतं.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत मोठा मुद्दा घेऊ. ते सांगतात, गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं की पानाच्या कीवर्ड टॅगचा, म्हणजे पानामागे लपलेल्या शोधशब्दांच्या रकान्याचा, क्रमवारीसाठी काहीही उपयोग केला जात नाही. ज्या जगात सगळ्यांत मोठ्या शोधयंत्राने कीवर्ड टाकून दिले त्या जगात तुम्ही ते का भरायला सांगता?

ही घोषणा झाली हे खरं आहे. पण ती का झाली हे विसरून चालणार नाही. दुकानदारांनी त्या रकान्यात खोटं भरायला सुरुवात केली होती. गिऱ्हाईक ओढण्यासाठी आपल्या पानाशी संबंध नसलेले शब्द शेकड्यांनी कोंबले जात होते. जिथे लिहिणाऱ्याला खोटं बोलून फायदा होतो तिथे त्याच्या साक्षीवर विश्वास ठेवणं गूगलने थांबवलं, ते योग्यच केलं. भंडाऱ्याच्या पुनर्वसन शाखेला मात्र आपल्या पानावर परभणीचा माणूस ओढून आणण्यात काय स्वारस्य? तिथे शोधशब्द खोटे असण्याचं कारणच नाही. आणि गूगलने दुर्लक्ष केलं ते लपलेल्या टॅगकडे. पानावर उघड लिहिलेल्या मजकुराकडे, शीर्षकाकडे, मथळ्याकडे ते आजही पाहतं. शोधशब्द लोकांना दिसतील असे पानावर छापले, ‘या विषयाची इतर नावं’ म्हणून, तर यंत्रालाही ते वाचता येतात आणि माणसालाही.

शिवाय सगळा शोध गूगलवर होत नाही. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर माणूस विभाग निवडतो, शब्द टाकतो, तारखा टाकतो. समोर येते ती यादी: विभागाचं नाव, शीर्षक, सांकेतांक, तारीख, फाइलचा आकार. सांकेतांकाच्या लांबलचक आकड्यातले पहिले आठ अंक तारखेचे असतात. तो आकडा हाती असेल तर कागद क्षणात मिळतो. पण सांकेतांक कुणाला माहीत असतो? ज्याच्याकडे तो कागद आधीच आहे त्याला. ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी सगळा भार त्या एका ‘…बाबत’ ने संपणाऱ्या शीर्षकावर पडतो.

ग्रंथपालांना हे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच कळलं होतं. अमेरिकेतल्या चार्ल्स कटर यांनी १८७६ मध्ये तालिकेचे नियम छापले. सूची करणाऱ्याच्या सोयीपेक्षा वाचकाची सोय आधी, हा त्यांचा आग्रह पुढे जगभरच्या ग्रंथालयांनी उचलला. आपल्या एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. वाईच्या मराठी विश्वकोशात वाचक पर्यायी नावाने नोंद शोधायला गेला तर ‘पहा’ असं लिहून त्याला योग्य नोंदीकडे वळवलेलं असतं. ‘तुम्ही चुकीचं नाव घेतलंत’ असं म्हणून कोशाने कुणाला परत पाठवलेलं नाही. शोधशब्द म्हणजे हेच ‘पहा’, फक्त पडद्यावरचं. त्याला जुन्या जमान्याची कारकुनी म्हणणाऱ्यांनी आपण काय मोडीत काढायला निघालो आहोत हे एकदा पाहावं.

दुसरा मुद्दा अधिक नवा आहे. आता यंत्राला अर्थ कळतो, त्यामुळे ‘धान’ विचारलं तरी ‘भात’ सापडेल, असं म्हणतात. मोठी यंत्रं अशा काही जोड्या जुळवतात, मी ते नाकारत नाही. पण ती जुळवतात कशाच्या बळावर? आधी लिहिल्या गेलेल्या मजकुराच्या. ज्या भागावर, ज्या बोलीत थोडंच लिहिलं गेलं आहे, तिथे त्यांची समज तेवढीच तोकडी असते. पवनीच्या पाथरीवर किती लिहिलं गेलं आहे? निस्तार पत्रकावर मराठीत किती आहे? ज्या ठिकाणी यंत्राला मदतीची सर्वांत जास्त गरज असते नेमकी तिथेच शोधशब्दांची मदत काढून घ्या, असा हा सल्ला आहे. आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या, महामंडळांच्या संकेतस्थळांवर जी शोधपेटी असते तिच्यात ही हुशार यंत्रं बसवलेली असतात असं धरून चालणं भाबडेपणाचं आहे.

मराठीची रचनाही इथे आडवी येते. ‘मोबदला’ असं शोधलं आणि पानावर सगळीकडे ‘मोबदल्याची’, ‘मोबदल्याबाबत’ असंच असेल, तर अक्षराला अक्षर जुळवणारी शोधपेटी म्हणते काही सापडलं नाही. निवाडा आणि निवाड्यात, धरणग्रस्त आणि धरणग्रस्तांना, सगळीकडे हेच. सामान्यरूप आपल्याला सहज कळतं, त्या पेटीला कळत नाही. म्हणून शोधशब्दांच्या ओळीत मूळ रूप हवंच.

आणि एक गोष्ट तर डोळ्यांनी दिसतही नाही. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या. शेतीचा एकही सरकारी कागद याच्याशिवाय पुरा होत नाही. संगणकात तो दोन तऱ्हांनी साठवला जातो. एका तऱ्हेत नुक्त्याचा ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’. दुसरीत साधा ‘र’, हलन्त, मग न दिसणारं एक जोडचिन्ह आणि ‘य’. पडद्यावर आणि छापील कागदावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. कार्यालयातल्या संगणकावर एका कळफलकाने लिहिलेला ‘शेतकऱ्यांना’ शेतकऱ्याच्या फोनवरच्या दुसऱ्या कळफलकाने लिहून सापडत नाही, आणि का सापडला नाही हे त्या माणसाला जन्मात कळायचं नाही. ‘अॅ’ चंही असंच आहे, तोही दोन-तीन तऱ्हांनी लिहिला जातो. हा दोष यंत्रातच दुरुस्त करता येतो आणि करायला हवा. तो होईपर्यंत शोधशब्दांत दोन्ही रूपं ठेवणं हा एवढासा उपाय आहे.

युनिकोडच्या आधीचे कागद तर वेगळीच गोष्ट. ते जुन्या फाँटांत टंकलेले आहेत. पडद्यावर मराठी दिसतं, पण आत निरर्थक इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. त्याहून जुने निवाडे नुसते स्कॅन केलेले, म्हणजे यंत्राच्या दृष्टीने चित्र. त्यांच्यात अर्थ ओळखायला मुळात अक्षरच नाही. गोसीखुर्दचं भूसंपादन ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांत सुरू झालेलं आहे. म्हणजे सर्वांत महत्त्वाचे कागद याच वर्गातले. त्यांच्यापर्यंत पोचण्याचा एकमेव रस्ता म्हणजे कुणीतरी माणसाने वाचून त्यांच्या शेजारी लिहिलेले शब्द: मौजा, तालुका, प्रकरण क्रमांक, निवाड्याची तारीख, अधिसूचनेची तारीख. स्कॅन करून टाकलं की काम झालं असं मानणाऱ्यांनी निम्मंच काम केलेलं असतं.

हे सगळं सोयीपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. पण इथे मुदती आहेत. भूसंपादनाच्या १८९४ च्या कायद्यात १९८४ साली कलम २८-अ घातलं गेलं. एकाच अधिसूचनेत अनेकांची जमीन गेली, त्यातल्या एकाने न्यायालयात जाऊन वाढीव मोबदला मिळवला, तर ज्यांनी वाढीव मोबदल्यासाठी कलम १८ खाली अर्ज केला नव्हता त्यांनाही त्याच दराने फेरनिर्धारण मागता येतं. गरीब, अडाणी, वकील न परवडणाऱ्या शेतकऱ्यासाठीच ही तरतूद आणली गेली. मात्र अर्ज न्यायालयाच्या निवाड्याच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत करायचा. निवाड्याचा दिवस आणि नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस तेवढे वगळले जातात. २०१३ च्या नव्या कायद्यातही कलम ७३ मध्ये असाच हक्क आहे आणि मुदतही तीनच महिने.

आता समजा, एका मौजातल्या कुणाच्या तरी प्रकरणात निवाडा झाला. त्याच अधिसूचनेतल्या शेजारच्या मौजातला शेतकरी पुनर्वसित गावठाणात राहतो. मुलगा नागपूरला कामाला आहे. उडत उडत बातमी येते की कुणाला तरी जास्त पैसे मंजूर झाले. तो पवनीच्या सेवा केंद्रात जातो. संगणकासमोरचा पोरगा विचारतो, प्रकरण क्रमांक? माहीत नाही. पक्षकाराचं नाव? नक्की माहीत नाही. वकील? नाही. ई-कोर्ट्सवर शोधाचे रस्ते हेच आहेत: खटला क्रमांक, पक्षकार, वकील, अधिनियम वगैरे. शेतकऱ्याकडे आहे ते गावाचं नाव आणि धरणाचं नाव, आणि त्या दोन शब्दांनी आत जायला दार नाही. ज्या कलमाखाली हक्क एकाच अधिसूचनेच्या धाग्याने बांधलेला आहे, त्याच अधिसूचनेच्या तारखेवरून शोध घेता येत नाही. तो पुढच्या बाजाराला पुन्हा येतो, मग मुलाला फोन, मग भंडाऱ्याची खेप. तीन महिने जायला वेळ लागत नाही. प्रत्येक भूसंपादन निवाड्याच्या नोंदीला मौजा, प्रकल्प आणि भूसंपादन कायद्याच्या कलम ४ च्या अधिसूचनेची तारीख एवढे तीन शोधशब्द जोडलेले असते, तर तो पहिल्याच दिवशी आपल्या कागदापाशी पोचला असता. यंत्राच्या हुशारीची स्तुती करणाऱ्यांनी या माणसाला उत्तर द्यावं.

‘पण कारकून भरणार काय? सगळीकडे तेच ते शब्द भरून ठेवतील.’ हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो खरा आहे म्हणूनच नीट बोलायला हवं. प्रत्येक पानावर ‘महाराष्ट्र शासन, जलसंपदा, प्रकल्प, योजना, निर्णय’ असं लिहिलं तर त्यातून काहीच निघत नाही. सगळ्या पानांवर असलेला शब्द एकही पान वेगळं काढू शकत नाही. अधिकाऱ्यांची आणि मंत्र्यांची नावं भरणं त्याहून वाईट. पण वाईट भरतात म्हणून भरूच नका, हा निष्कर्ष कुठून आला? सातबाऱ्यावर चुका असतात म्हणून आपण सातबारा बंद केला नाही.

चांगला शोधशब्द कसा निवडायचा यात गूढ काही नाही. पानाच्या मजकुरात नसलेला पण विचारणाऱ्याच्या तोंडी असलेला शब्द, हा त्याचा पहिला निकष. समजा, पुनर्वसित गावठाणातल्या भूखंडांच्या वाटपाचा आदेश आहे. त्याला मी हे शब्द जोडीन: गोसीखुर्द, गोसेखुर्द, गोसे धरण, इंदिरा सागर वैनगंगा, आदेशात आलेल्या प्रत्येक मौजाचं जुनं नाव आणि नवीन गावठाणाचं नाव, पवनी, भंडारा किंवा कुही, नागपूर, जो असेल तो तालुका आणि जिल्हा, धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त, बुडीत गाव, घराची जागा, प्लॉट, भूखंड, गावठाण, वाढीव कुटुंब, कारण लग्न झालेल्या मुलाला वेगळा भूखंड मिळतो का हाच प्रश्न घरोघरी असतो. एवढं भरायला काही मिनिटं लागतील. आणि शब्द कुठून आणायचे याची खाण प्रत्येक कार्यालयात आहे: आवक नोंदवही आणि लोकांनी हाताने लिहिलेले अर्ज. त्यात लोकांनी स्वतःच्या शब्दांत काय मागितलं आहे ते वर्षानुवर्षं नोंदलेलं असतं. सहा गठ्ठा पद्धतीने दप्तर लावणाऱ्या, अभिलेखांचे अ, ब, क, ड वर्ग पाडणाऱ्या महसूल खात्याला वर्गीकरण शिकवायची गरज नाही. ती शिस्त कपाटाच्या दारापाशी न थांबवता पडद्यापर्यंत न्यायची आहे. संकेतस्थळ चालवणाऱ्याने दर महिन्याला एक यादी काढावी, कोणते शब्द टाकून लोकांना शून्य निकाल मिळाले त्याची. पुढच्या महिन्याचे शोधशब्द त्या यादीतच लिहिलेले असतील.

आणखी एक आक्षेप उघड बोलला जात नाही, पण असतो. सरकारी पानावर ‘वावर’, ‘प्लॉट’, ‘गोसे धरण’, चुकीच्या वेलांट्या हे शोभत नाही, भाषा प्रमाण असावी. मला प्रमाण भाषेचं वावडं नाही. आदेश प्रमाण भाषेतच असावा, त्यात संदिग्धता नको. शोधशब्दांचा रकाना याच कारणासाठी वेगळा असतो, की शीर्षक जसंच्या तसं ठेवून लोकांच्या शब्दांना आत येता यावं. ‘मोबदला’ लिहिताना ज्याची वेलांटी-मात्रा चुकते त्याची जमीन काही कमी बुडालेली नाही. त्याच्या चुकीसकट त्याला पानापर्यंत पोचवणं हे पानाचं काम आहे.

शेवटी कायदा. शोधशब्द भरणं ही कुणाची मेहरबानी नाही. माहितीचा अधिकार अधिनियम २००५, कलम ४(१)(क) प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला सांगतं की आपले अभिलेख रीतसर सूचीबद्ध आणि अनुक्रमणिकेसह ठेवा, आणि ते अशा रीतीने ठेवा की माहिती मिळवणं सुकर होईल. याच कलमाचं चौथं पोटकलम माहिती प्रसृत करताना स्थानिक भाषा आणि त्या भागात परिणामकारक ठरणारी संपर्काची पद्धत विचारात घ्यायला सांगतं आणि माहिती सहज मिळण्याजोगी असावी असं म्हणतं. भंडाऱ्याची स्थानिक भाषा म्हणजे धान, वावर, पटवारी, मामा तलाव, गोसे धरण. ती पानावर नसेल तर कलम ४ पाळलं गेलं असं कुणी म्हणू नये. अर्ज आल्यावर माहिती देणं हा पुढचा टप्पा आहे. कलम ४ चा सगळा हेतूच हा, की अर्ज करण्याची वेळ येऊ नये.

विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ, भंडारा आणि नागपूरची जिल्हाधिकारी कार्यालयं यांनी गोसीखुर्दपासून सुरुवात करावी. ८५ गावांसाठी ८५ पानं करा. प्रत्येक पानावर गावाची सगळी नावं, अधिसूचनांच्या तारखा, निवाडे, त्यांवरचे न्यायालयीन निर्णय, पुनर्वसनाचे आदेश एकत्र ठेवा आणि खाली लोकांच्या शब्दांतले शोधशब्द उघड छापा. नवं तंत्रज्ञान त्यासाठी लागत नाही, नवा निधीही नाही.

आणि वाचकांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी संकेतस्थळावर एखादा सरकारी कागद शोधूनही सापडला नाही, तर तुम्ही कोणते शब्द टाकून शोधलंत ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. संबंधित कार्यालयाला अर्ज करताना ते शब्द अर्जात जसेच्या तसे उतरवा, कलम ४(१)(क) चा उल्लेख करा आणि हे शब्द त्या पानाला जोडण्याची मागणी करा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.